श्वासाच्या खुणा

डॉक्टर नरेंद्र मोहरील हे छातीच्या विकारांचे डॉक्टर. नागपूरला एम.डी. करून ते अमेरिकेत आले. आधी क्लीव्हलंडच्या थंडीत काही वर्षं काढली आणि मग कॅलिफोर्नियात सॅन होजेला स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. घर त्यांनी क्युपर्टिनोला घेतलं. मोठं घर, मागच्या अंगणात जुन्या बागेतली राहून गेलेली जर्दाळूची चार झाडं. त्र्याऐंशी साली मुलगी रुपाली कॉलेजसाठी बॉस्टनला गेली आणि त्याच वर्षी त्यांची बायको पद्मिनी आईच्या आजारपणासाठी नागपूरला गेली.

आई बरी झाली. पद्मिनी परत आली नाही.

भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर लोकांना सांगायला काही कारण तरी मिळालं असतं. पद्मिनी सुरुवातीला फोनवर म्हणायची, "अजून थोडे दिवस राहते." मग म्हणायला लागली, "बघू." मग तेही म्हणेनाशी झाली. धरमपेठेतल्या एका शाळेत ती इंग्रजी शिकवायला लागली होती आणि फोनवर शाळेतल्या मुलींच्या गमती सांगायची. इतकी मोकळी हसताना नरेंद्रनी तिला अमेरिकेत कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे ‘परत ये’ म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

मराठी मंडळात मात्र लोक विचारायचे. गणपतीला, दिवाळीला, कुणाच्या बारशाला. "काय डॉक्टर, वहिनी कधी येतायत? अहो, तिकीट बुक करून टाका ना!" संजीव नावाचा एक इंजिनिअर तर दर वेळी पाठीवर थाप मारून म्हणायचा, "यार नरेंद्रकाका, तुमची तर ऐश आहे! एकदम बॅचलर लाइफ!" त्यात वाईट हेतू नव्हता. पण नरेंद्र हळूहळू जायचेच बंद झाले. कॉल आहे, एक पेशंट सिरीयस आहे, असं सांगायचे. छातीच्या डॉक्टरला एक तरी पेशंट सिरीयस असतोच, त्यामुळे ते खोटंही नसायचं.

हिदेओ ओकुबो त्यांच्याकडे आले ते चौऱ्याऐंशीच्या वसंतात. सडपातळ, ताठ बसणारे, सत्तरीला टेकलेले गृहस्थ. जन्म इथलाच, आईवडील जपानमधून आलेले. आयुष्यभर काचघरात कार्नेशनची फुलं पिकवून विकली होती. बायको वारलेली, मुलगी लॉस एंजेलिसला. जिना चढताना दम लागतो, एवढीच तक्रार होती. सिगारेट कधी ओढली नव्हती.

नरेंद्रनी त्यांच्या पाठीवर, फुफ्फुसांच्या तळाशी स्टेथोस्कोप ठेवला, आणि पिशवीची वेल्क्रोची पट्टी हळू ओढून काढावी तसा बारीक चरचर आवाज त्यांना आला. त्या आवाजाचा अर्थ त्यांना माहीत होता. तरी त्यांनी एक्स-रे काढला, फुंकर मारायची तपासणी केली, बायॉप्सी करून घेतली. फुफ्फुसं आतून व्रण पडल्यासारखी घट्ट होत चालली होती, आक्रसत होती. कारण कळत नव्हतं. तेव्हा त्यावर खरा इलाजही नव्हता. स्टेरॉइड द्यायची, पुढे ऑक्सिजन लावायचा, बस.

"किती वेळ आहे?" ओकुबोंनी विचारलं.

"दोन वर्षं. कमीही असेल. कधीकधी जास्तही मिळतात."

ओकुबोंनी मान हलवली. मग विचारलं, "बासरी वाजवली तर चालेल?"

"कसली बासरी?"

"शाकुहाची. बांबूची. उभी धरतात. दर शनिवारी मी शिकवतो, बौद्ध मंदिराच्या मागच्या हॉलमध्ये. तीस वर्षं होतील आता."

नरेंद्रनी विचार केला. वाजवल्यानं आजार वाढणार नव्हता, न वाजवल्यानं कमी होणार नव्हता. तसं त्यांनी सांगितलं.

"ठीक," ओकुबो म्हणाले. "मग एक विनंती आहे. हे माझ्या मुलीला मी सांगेन. पण माझ्या शिष्यांना कळू देऊ नका."

"मी कुणालाच सांगू शकत नाही. तो नियमच आहे."

"नियम म्हणून नाही. मी मागतोय म्हणून. मी शिकलो तो छावणीत. लढाईच्या वेळी सरकारनं आम्हा सगळ्या जपानी घरांना ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन डांबलं होतं, तुम्ही ऐकलं असेल. आमच्याच बराकीत एक म्हातारे होते, ते शिकवायचे. त्यांना टीबी होता आणि सगळ्यांना ते माहीत होतं. वाजवताना ते कधी खोकतील याची आम्ही वाट बघत बसायचो. डॉक्टर, ते कसे वाजवायचे हे मला आता आठवत नाही. खोकायचे कसे, ते मात्र आठवतं."

नरेंद्र म्हणाले, "नाही सांगणार."

शर्टाची बटणं लावता लावता ओकुबोंनी सहज विचारलं, "शनिवारी तुम्ही काय करता, डॉक्टर?"

कपडे धुतो, असं काहीतरी नरेंद्र म्हणाले.

"मग या. तुमचा पेशंट काय करतो ते बघायला."

असे नरेंद्र तिथे गेले. उत्सुकता होती थोडी. पण खरं कारण शनिवारच होता.

हॉल साधा होता. घडीच्या लोखंडी खुर्च्या, कोपऱ्यात बंद पियानो, खिडकीतून दिसणारं वाहनतळ. शिष्य मोजकेच. त्यात मिसेस हारुए योनेमुरा होत्या, निवृत्त शाळामास्तरीण. पहिल्या वर्षापासून शिकत होत्या आणि वर्गाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. किल्ली त्यांच्याकडे, चहा त्यांच्याकडे, स्वरलिपीचे कागद त्यांच्याकडे. डेव्ह नावाचा, जवळच्या समुद्रकाठच्या सांताक्रूझ गावचा दाढीवाला सुतार होता, तो स्वतः बासऱ्या करायचा. बाकीचे दोघं-तिघं वयस्कर जपानी गृहस्थ, फारसं न बोलणारे. सगळे ओकुबोंना सेन्सेई म्हणायचे, म्हणजे गुरुजी.

नव्या माणसाला डेव्हनं प्लंबिंगच्या प्लॅस्टिक पाइपची केलेली एक बासरी दिली. पुढे चार भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. वरच्या टोकाला तिरका छेद, त्याच्या कडेवर फुंकर फुटली पाहिजे. फुटली तर सूर.

ती फुटेना.

नरेंद्र लहानपणी शाळेच्या गॅदरिंगला आडवी बासरी वाजवायचे, तेव्हा त्यांना वाटलं होतं की जमेल. उलट तीच सवय आड आली. ओठ आडव्या बासरीच्या भोकाला शोधायचे आणि फुंकर भलतीकडे जायची. पाच मिनिटांत चक्कर यायची. चक्कर का येते ते त्यांना रक्तातल्या वायूंच्या प्रमाणासकट सांगता आलं असतं. सूर का येत नाही ते सांगता येत नव्हतं.

"आमच्यात म्हण आहे," मिसेस योनेमुरा त्यांना चहा देताना म्हणाल्या, "नुसती मान हलवायला शिकायलाच तीन वर्षं लागतात." हनुवटी खाली-वर करून सूर उतरवतात, चढवतात, त्याला त्या मान हलवणं म्हणत होत्या. "तेव्हा घाई नको. सेन्सेई आहेतच."

नरेंद्रनी चहाच्या कपात बघितलं.

ते जात राहिले. घरी आल्यावर मागच्या अंगणात जर्दाळूखाली उभं राहून फुंकायचे. कित्येक आठवडे नुसती हवा. मग ऑगस्टातल्या एका शनिवारी दुपारी एकदम, काही वेगळं न करता, सूर आला. सगळी भोकं बंद ठेवली की येतो तो सगळ्यात खालचा सूर, रो. रुंद, ओलसर, छातीच्या आत कुणी बोलल्यासारखा. दोन-तीन सेकंद टिकला आणि गेला. पुन्हा फुंकलं, पुन्हा आला.

त्यांना कुणाला तरी सांगावंसं वाटलं. संध्याकाळपर्यंत कळ काढून, नागपूरला सकाळ झाली असेल अशा बेतानं, त्यांनी फोन लावला.

"अगं, वाजली!"

"काय वाजलं? मोठ्यानं बोला हो, ऐकू येत नाहीये."

"बासरी! जपानी बासरी शिकतोय, सांगितलं होतं ना."

"हो का? बरं झालं." मग तारेतून त्यांचाच आवाज फिरून परत आला. "तुमच्या बीपीच्या गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"घेतोय."

"मग ठीक." आणि ती शाळेच्या स्नेहसंमेलनाबद्दल बोलायला लागली. नरेंद्रनी सगळं ऐकून घेतलं. बासरी त्यांनी फोनशेजारीच ठेवली होती, ऐकवावी म्हणून. ती त्यांनी उचलली नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी वर्गात रो वाजवून दाखवला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओकुबो म्हणाले, "आता हाच. दुसरं काही नको, एवढाच वाजवत राहा." पण त्या दिवशी मिसेस योनेमुरांनी चहाबरोबर एक डबा त्यांच्यासमोर ठेवला. काकडी आणि मुळ्याच्या लोणच्याचे भाताचे रोल. "तुम्ही मासे खात नाही म्हणाला होतात," एवढंच बोलल्या.

त्या हॉलमध्ये त्यांना कुणी ‘बायको कधी येणार’ असं विचारलं नाही. खरं तर कुणी काहीच विचारलं नाही. आधी त्यांना त्याचं बरं वाटलं. पुढे कधीकधी वाटायचं, एखाद्यानं विचारलं तरी चालेल.

पंच्याऐंशी साल उजाडलं. वर्गाला पुढच्या वर्षी तीस वर्षं पुरी होणार होती. मिसेस योनेमुरांनी मोठा बेत आखला. शहाऐंशीच्या जूनमध्ये, याच हॉलमध्ये, लॉस एंजेलिसच्या मंडळींना बोलावून वादन. सेन्सेई एक फार जुनी रचना एकटे वाजवतील आणि शेवटी सगळे मिळून तीच वाजवतील. "सेन्सेई, चालेल ना?" त्यांनी विचारलं. ओकुबोंनी मान हलवली. नरेंद्र मनातल्या मनात महिने मोजायला लागले आणि मग स्वतःवरच चिडून त्यांनी ते थांबवलं.

ती रचना संथ होती. एकेक वाक्य एका श्वासात वाजवायचं, वाक्य संपलं की शांतता, मग पुढचं. शनिवारी ओकुबो ती वाजवून दाखवायचे आणि शिष्य समोर कागद घेऊन ऐकायचे. नरेंद्र मिसेस योनेमुरांच्या शेजारी बसून ऐकायचे, आणि त्यांना नको ते ऐकू यायचं. श्वास आत जाताना किती वर अडतो, खांदे किती उचलले जातात. जे वाक्य फेब्रुवारीत सलग व्हायचं, ते एप्रिलमध्ये शेवटच्या सुराआधी तुटलं. ओकुबोंनी तिथे छोटा श्वास घेतला आणि शांतपणे पुढे गेले.

मिसेस योनेमुरांनी पेन्सिल उचलली आणि कागदावर त्या जागी एक बारीक तिरकी रेघ मारली. श्वासाची खूण. मग त्या वळून बाकीच्यांना म्हणाल्या, "सेन्सेईंनी इथे नवा श्वास घेतलाय. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. "वॉव," डेव्ह म्हणाला, "आता ते वाक्य केवढं वेगळं वाटतं." एक म्हातारे गृहस्थ, जे एरवी बोलायचे नाहीत, म्हणाले की माणूस जसजसा पिकतो तसतसं त्याचं वाजवणं कमी होत जातं, हे त्यांनी ऐकलं होतं, आज बघितलं.

नरेंद्रच्याही मांडीवर कागद होता. सगळे लिहीत असताना आपणच हात बांधून बसलो तर दिसेल, म्हणून त्यांनी शेजारच्या मिसेस योनेमुरांच्या कागदावर बघून ती खूण उतरवली. ओकुबोंनी मान वर केली, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि बासरी पुसायला घेतली.

मे महिन्यात आणखी खुणा झाल्या. जूनमध्ये आणखी. कागद त्या बारीक रेघांनी भरत चालला. घरी सराव करताना नरेंद्रही त्या जागांवर श्वास घ्यायचे. त्यांची फुफ्फुसं उत्तम होती. तरी ते तिथे तिथे थांबायचे, दुसऱ्या माणसाचा दम आपल्या तोंडात घेऊन.

जुलैत ओकुबो तपासणीला आले तेव्हा त्यांनी विषय काढला.

"ओकुबोसान, आता त्यांना सांगायला हवं. ते तुमचा आजार पाठ करतायत."

ओकुबो हसले. हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत वाट बघून ते म्हणाले, "हारुएनं फार छान लिहून घेतलंय."

"त्यांना नंतर कळेल. तेव्हा त्यांना काय वाटेल?"

"तेव्हा मी नसेन. आत्ता त्या मला ऐकतायत. नीट ऐकतायत. कळल्यावर त्या काय करतील? माझ्यासाठी खुर्ची ओढतील, वाजवू नका म्हणतील, रडतील. मला शनिवार हवाय, डॉक्टर, हॉस्पिटल नको. ते मला तुमच्याकडे मिळतं."

नरेंद्रनाही शनिवार हवा होता, आणि ओकुबो जोवर सांगत नव्हते तोवरच तो आहे तसा राहणार होता. हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आपण जास्त आग्रह का धरला नाही हा प्रश्न त्यानंतर कायम त्यांच्या मनात राहिला.

ऑक्टोबरपासून ओकुबोंनी वाजवणं थांबवलं. कोपर दुखतं म्हणाले. खुर्चीवर बसून नुसतं ऐकायचे, बोटानं हनुवटी वर-खाली करून दाखवायचे. मिसेस योनेमुरांनी कोपरासाठी कसलासा लेप आणला. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांना न्यूमोनिया झाला.

हॉस्पिटलात नरेंद्रच त्यांना बघत होते. मुलगी लॉस एंजेलिसहून आली. चौथ्या दिवशी दुपारी मिसेस योनेमुरा आल्या, हातात फुलं आणि सूपचा थर्मास घेऊन. मुलगी बाहेर येऊन त्यांच्याशी बोलली आणि बोलता बोलता म्हणून गेली, "दीड वर्ष मिळालं हेच खूप. डॉक्टर मोहरीलांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं."

नरेंद्र खोलीतून बाहेर आले तेव्हा मिसेस योनेमुरा भिंतीशी उभ्या होत्या. थर्मास हातातच होता.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आमच्याकडे येण्याच्या आधीपासून?"

"हो."

"मी खुणा करत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्या शेजारी बसून त्या उतरवून घेत होता."

"त्यांनीच सांगू नका म्हटलं होतं. डॉक्टर म्हणून मला बोलता—"

"शनिवारी तुम्ही डॉक्टर नव्हता."

एवढं म्हणून त्यांनी थर्मास नर्सच्या टेबलावर ठेवला आणि त्या लिफ्टकडे चालत गेल्या.

ओकुबो त्या आठवड्यात गेले. शेवटचे दोन दिवस ते बोलू शकत नव्हते. नरेंद्र फेरीला आले की ते डोळ्यांनी खूण करायचे, खुर्ची जवळ घ्या अशी. नरेंद्र पाच-दहा मिनिटं बसायचे.

मंदिरातल्या अंत्यविधीला नरेंद्र शेवटच्या रांगेत बसले. डेव्हनं लांबून हात वर केला. मिसेस योनेमुरांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. नंतर सगळे चहासाठी हॉलकडे वळले तेव्हा ते गाडी काढून घरी आले.

त्यानंतरचे महिने फार रिकामे गेले. शनिवारी ते कपडे धुवायचे. रुपाली नाताळच्या सुट्टीत चार दिवस आली आणि तिनं टेबलावरची प्लॅस्टिकची नळी उचलून बघितली.

"बाबा, व्हॉट इज धिस?"

"बासरी आहे. जपानी. मी शिकत होतो."

"यू नेव्हर टोल्ड मी!"

"सांगितलं होतं. फोनवर."

"प्ले समथिंग?"

त्यांनी वाजवून बघितलं. सूर आला, पण पहिल्याच वाक्यात ती खुणेची जागा आली आणि ते थांबले ते थांबलेच. "प्रॅक्टिस नाही राहिली," म्हणाले. रुपाली म्हणाली, "आर यू ओके हिअर, बाबा? ऑल अलोन?" त्यांनी "आय ॲम फाइन" म्हटलं. इंग्रजीत ते म्हणायला सोपं जातं.

फेब्रुवारीत संजीवच्या घरी हळदीकुंकू आणि जेवण होतं. त्याची बायको सीमा हिनं फोन करून फारच आग्रह केला म्हणून ते गेले. "काका, इतके दिवस कुठे गायब होतात?" तिनं विचारलं. त्यांना सांगावंसं वाटलं. पण सुरुवात कुठून करायची? एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास आखूड होत होता आणि मी तो लिहून घेत होतो, असं? "बिझी होतो," ते म्हणाले. सीमानं मसालेभाताचा डबा बांधून दिला. सोमवारपर्यंत तो पुरला.

एप्रिलमध्ये एका शनिवारी ते उठले, दाढी केली आणि गाडी काढली. काही ठरवलं नव्हतं. हॉलचं दार उघडं होतं. वर्ग चालू होता, मिसेस योनेमुरा ओकुबोंच्या जागी बसून शिकवत होत्या. त्यांना बघून त्या थांबल्या. सगळेच थांबले.

नरेंद्र दारातच उभे राहिले. "मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "ते सांगू नका असं त्यांनी म्हटलं नव्हतं." आणि त्यांनी छावणीतल्या म्हाताऱ्यांची गोष्ट सांगितली. टीबी, बराक, खोकल्याची वाट बघत बसलेले शिष्य. ते कसे वाजवायचे ते आठवत नाही, खोकायचे कसे ते आठवतं, हे ओकुबोंचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

मिसेस योनेमुरांनी बासरी मांडीवर आडवी ठेवली. त्यांची मान हळूहळू खाली गेली.

"मीही एका छावणीत होते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या. तीस वर्षं दर शनिवारी भेटलो आम्ही. एकदाही त्याबद्दल बोललो नाही." त्यांचा आवाज शाळामास्तरणीचाच होता, फक्त थोडा कोरडा. "तुम्हाला सांगितलं त्यांनी."

"मी अनोळखी होतो म्हणून."

"हो. म्हणूनच." त्यांनी मान वर केली. "मी अजून रागावलेली आहे, डॉक्टर. आता बसा. खुर्ची त्या बाजूला आहे."

जूनच्या वादनासाठी ती रचना कशी वाजवायची यावर वाद होता. डेव्हचं म्हणणं, खुणांसकट, सेन्सेईंनी शेवटी वाजवली तशीच. म्हाताऱ्या गृहस्थांचं म्हणणं, पूर्वीसारखी, सलग. शेवटी मिसेस योनेमुरांनी ठरवलं. "त्या खुणा त्यांच्या होत्या. ज्याचा श्वास जिथे संपेल तिथे त्यानं घ्यावा. उगाच लवकर कुणी थांबायचं नाही." आणि नरेंद्रकडे वळून, "तुम्ही तर नाहीच. तुमची छाती चांगली आहे."

जूनमध्ये हॉल भरला. ओकुबोंच्या एकट्याच्या वादनाची वेळ आली तेव्हा रिकामी खुर्ची ठेवायची, असं कुणी सुचवलं होतं, ते मिसेस योनेमुरांनी मोडून काढलं आणि त्यांनी स्वतः बसून ती रचना वाजवली. त्यांचा हात एकदा चुकला. शेवटी सगळे मिळून बसले. नरेंद्र कडेला, हातात डेव्हकडून विकत घेतलेली खरी बांबूची बासरी. जुन्या सवयीनं त्यांचा श्वास एका खुणेपाशी अडखळला, पण त्यांनी तो सोडला नाही, वाक्याच्या टोकापर्यंत नेला. शेजारचा कुणी मध्ये श्वास घेत होता, पलीकडचा आणखी पुढे. सूर मात्र तुटला नाही. रुपालीला न्यूयॉर्कमध्ये समर जॉब लागला होता, ती येऊ शकली नाही. प्रेक्षकांत त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

लोक गेल्यावर सगळ्यांनी खुर्च्या मिटायला घेतल्या. मिसेस योनेमुरा त्यांच्या रांगेशी आल्या आणि खुर्ची मिटता मिटता म्हणाल्या, "घरी कोण असतं तुमच्या?"

त्या हॉलमध्ये दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी हे विचारलं होतं.

"कुणी नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "माझ्याही." आणि पुढची खुर्ची उचलली.

नरेंद्र त्या वर्गात जात राहिले. पद्मिनी परत आली नाही, आणि येणार नाही असंही तिनं कधी म्हटलं नाही. ते वर्षातून एकदा नागपूरला जायचे, पाहुण्यासारखे राहून यायचे. एकदा त्यांनी गच्चीवर बासरी वाजवली तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. ती थांबली, ऐकलं, म्हणाली, "छान आहे हो. पण फार उदास आहे." आणि पुढचा चिमटा लावला.

एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात मोठा भूकंप झाला. हॉलच्या एका भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि दुरुस्ती होईपर्यंत तिथे जायला बंदी झाली. वर्ग कुठे भरवायचा यावर फोनाफोनी सुरू झाली. नरेंद्र म्हणाले, माझ्याकडे जागा आहे.

शनिवारी सकाळी त्यांनी दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावला. चहाचं आधण ठेवलं, पोहे केले, जरा जास्तच केले. सगळे वेळेवर आले. दाराशी प्रत्येकानं आपोआप चपला-बूट काढून नीट ओळीत लावले. नरेंद्र ते बघत तिथेच उभे राहिले. मिसेस योनेमुरा आत जाऊन खिडकीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही रो द्या."

दोन तास घर सुरांनी भरलेलं होतं. पोहे सगळ्यांना आवडले. डेव्हनं कढीपत्त्याची पानं एकेक करून बाजूला काढून ठेवली. मग एकेक जण उठला, बूट घातले, वाकून निरोप घेतला. शेवटी मिसेस योनेमुरा गेल्या. त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत नरेंद्र दारात उभे होते. मग त्यांनी आत येऊन कप गोळा केले आणि एकेक करून धुतले. सोफा जागेवर ढकलायला ते वाकले, आणि नको, असू दे, पुढच्या शनिवारी पुन्हा सरकवावाच लागेल, असं म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला.